सायॉनिक क्लास घरी लिहिताना : मनाच्या शक्तीची किंमत कशात मोजायची?

कवडसा (धागाकर्ती)

गेले आठ महिने आमच्या कॅम्पेनसाठी (अनेक सेशन चालणाऱ्या कथेसाठी) मी एक सायॉनिक क्लास, म्हणजे मनाच्या शक्ती वापरणारा कॅरेक्टरचा प्रकार, लिहिते आहे. तीन मसुदे केले, तिन्ही बाद झाले. चौथा इथे टाकते आहे, कारण माझ्या टेबलावरच्या सगळ्यांना माझ्या सवयी पाठ आहेत आणि त्यामुळे चुका नजरेतून सुटतात. आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावर फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, पण प्रश्न कुठल्याही फँटसी खेळाला पडेल असाच आहे.

आधीचे तीन का बाद झाले ते सांगते, म्हणजे चौथा असा का झाला ते कळेल.

पहिल्यात पॉइंट होते. २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाईडमध्ये स्पेल पॉइंटचा ऐच्छिक नियम तयारच आहे: पहिल्या लेव्हलच्या स्पेलला २ पॉइंट, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ५, असं करत नवव्याला १३. सहाव्या लेव्हलपासून पुढचे स्पेल मात्र लाँग रेस्टपर्यंत (रात्रीच्या विश्रांतीपर्यंत) प्रत्येक लेव्हलचा एकच. मी तो नियम उचलला, शक्तींना नवी नावं दिली आणि खेळायला बसलो. चौथ्या सेशनला आमच्यातल्या एकीनं विचारलं, "हा सॉर्सररपेक्षा वेगळा कुठे आहे?" सॉर्सरर हा जन्मजात जादू असलेला क्लास. मी बराच वेळ उत्तर शोधत होते. वेगळा होता तो फक्त हिशेबाचा कागद.

दुसऱ्या मसुद्यात मी जुन्या काळात शिरले. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकच्या परिशिष्टात मनोयुद्धाचे पाच हल्ले आणि पाच बचाव आहेत. इगो व्हिप, सायकिक क्रश, टॉवर ऑफ आयर्न विल... नावं वाचूनच हात शिवशिवतात. कोणत्या बचावापुढे कोणता हल्ला किती चालतो याचा तक्ताही त्याच आवृत्तीच्या डन्जन मास्टर्स गाईडमध्ये आहे. मी तो तक्ता सोपा केला आणि एका राक्षसाशी मनोयुद्ध लावलं. पंचवीस मिनिटं आम्ही दोघीच फासे टाकत होतो. बाकीचे तिघे पहिली दहा मिनिटं उत्सुकतेनं बघत होते, नंतर त्यांनी आपापल्या सामानाच्या याद्या नीट करायला घेतल्या. त्यांना दोष कसा देणार?

तिसऱ्यात फासा होता. २०२० च्या एप्रिलमध्ये डी अँड डीच्या चाचणी-साहित्यात सायॉनिक टॅलेंट डाय आला होता, तो मला मनापासून आवडला होता. फाशावर सगळ्यात मोठा आकडा पडला की पुढच्या वेळी फासा एका पायरीनं लहान होतो, १ पडला की मोठा होतो. हिशेब शून्य, फासा स्वतःच सांगतो तुम्ही किती दमलात ते. पण आमच्याकडे एका सेशनला सुरुवातीलाच ६ आणि मग ४ पडला. डी६ चा (सहा बाजूंच्या फाशाचा) डी४ झाला आणि डी४ संपला. खेळाडूनं चुकीचा निर्णय घेतला होता असंही नाही, कारण निर्णय घ्यायला जागाच नव्हती. उरलेला दिवस तो कुंपणावर बसून राहिला.

यातून मला जे कळलं ते असं. जादूगाराची किंमत साठ्यातून जाते. शेवटचा स्लॉट (स्पेल टाकायची एक खेप) वापरतानाही तो पहिल्या स्लॉटच्या वेळी होता तसाच असतो. मनाच्या शक्तीची किंमत त्या माणसातूनच जायला हवी. दुसरी शक्ती वापरणारा माणूस पहिलीच्या वेळी होता तो राहिलेला नसावा, आणि पुढे जायचं की थांबायचं हा प्रश्न दर टर्नला त्याच्यापुढे यावा. एवढं जमलं तर वेगळा क्लास लिहायचा. नाही जमलं तर सॉर्सररची सबक्लास पुरेशी आहे, आणि ती २०२० च्या टाशाच्या पुस्तकात ॲबरंट माइंड या नावानं आहेच.

चौथा मसुदा:

ताण ० पासून सुरू होतो. लहान शक्तीनं १ वाढतो, मध्यम शक्तीनं २, मोठीनं ३. शक्तीचा परिणाम आधी होतो, ताण वाढतो, आणि मग डी२० टाकायचा. फासा ताणाच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी पडला तर तोल जातो: चालू कॉन्सन्ट्रेशन (शक्ती धरून ठेवणारी एकाग्रता) तुटतं, पुढच्या टर्नला फक्त चालता येतं, आणि ताण निम्म्यावर येतो. एक ॲक्शन ध्यानात घालवली तर ताण डी४ नं उतरतो. लढाई संपली की शून्य.

हे सगळं एका पानावर बसतं आणि ते पान काढून टाकलं तर उरलेल्या खेळाला धक्का लागत नाही. ऐच्छिक नियमाबद्दल माझा हा एकच हट्ट आहे.

मला तीन ठिकाणी शंका आहे. आकडे बरोबर आहेत का? जादू बंद पाडणारं अँटीमॅजिक फील्ड आणि चालू जादू संपवणारं डिस्पेल मॅजिक या स्पेलचा या शक्तींवर परिणाम व्हावा का? आणि मन वाचता येणाऱ्या पार्टीपुढे रहस्य कसं टिकवायचं?

---

सारीपाट

धागा आवडला. तुमच्या दुसऱ्या मसुद्याबद्दल थोडं लिहितो, कारण त्या जुन्या नियमांवर माझं प्रेम आहे आणि त्यांचे दोषही मला माहीत आहेत.

सायॉनिक पहिल्यांदा आले १९७६ च्या एल्ड्रिच विझार्ड्री या पुरवणीत, आणि १९७८ मध्ये परिशिष्टात. दोन्ही ठिकाणी तो क्लास नव्हताच. काही कॅरेक्टरना वरून मिळणारी देणगी होती. १९७८ च्या नियमात बुद्धी, शहाणपण किंवा व्यक्तिमत्त्व यांपैकी एक तरी १६ किंवा त्याहून जास्त हवं, आणि मग शंभराच्या फाशावर नशीब. मुळात शक्यता १ टक्का, चांगल्या गुणांनी थोडी वाढायची. म्हणजे ज्याला आधीच फासे चांगले पडलेत त्यालाच आणखी एक सोडत. लागली त्याच्याकडे अख्खी दुसरी यंत्रणा, आणि ती यंत्रणा समोर दुसरा सायॉनिक आला तरच पूर्ण चालायची. तुमची पंचवीस मिनिटं तिथूनच आलीत. तेव्हाचा राउंड एका मिनिटाचा, त्याचे दहा सेगमेंट, आणि मनोयुद्ध सेगमेंटच्या हिशेबानं. तलवारवाल्याची एक पाळी येईपर्यंत या दोघांच्या दहा फेऱ्या.

स्वतंत्र क्लास मिळाला तो दुसऱ्या आवृत्तीच्या काळात, १९९१ च्या कम्प्लीट सायॉनिक्स हँडबुकमध्ये. तिथे शक्ती वापरायची तर आपल्याच गुणाच्या आकड्याखाली डी२० टाकावा लागायचा. तुमचा ताणाचा फासा मला त्याचा दूरचा नातेवाईक वाटतो, फरक इतकाच की तिथे धोका दर वेळी तेवढाच असायचा आणि तुमच्याकडे तो चढत जातो. हा बदल चांगला आहे.

त्याच वर्षी डार्क सन आलं. त्या जगात प्रत्येक खेळाडूच्या कॅरेक्टरला एक तरी वाइल्ड टॅलेंट (उपजत मनोशक्ती) मिळतं. सोडतीवरचा याहून सोपा उतारा मी पाहिलेला नाही: सगळ्यांनाच द्या. ऐच्छिक नियम एकाच खेळाडूसाठी उघडला की बाकीचे त्याची किंमत मोजतात, टेबलभर उघडला की ते जगच वेगळं होतं. तुमच्या कॅम्पेनमध्ये सायॉनिक किती जण आहेत, हे क्लास लिहिण्याआधी ठरवा.

---

अक्षरगणित

आकड्यांकडे बघितलं. कल्पना भक्कम आहे, पण १-२-३ हे दर चुकलेत, आणि ते दाखवता येतं.

फक्त लहान शक्ती वापरल्या तर ताण १, २, ३, ४, ५, ६ असा चढतो. सहाही वेळा तोल न जाण्याची शक्यता ०.९५ × ०.९० × ०.८५ × ०.८० × ०.७५ × ०.७०, म्हणजे साधारण ३०.५ टक्के.

फक्त मध्यम वापरल्या तर ताण २, ४, ६, ८. चार शक्तींनंतर ०.९ × ०.८ × ०.७ × ०.६, म्हणजे ३०.२ टक्के.

फक्त मोठ्या वापरल्या तर ३, ६, ९. तीन शक्तींनंतर ०.८५ × ०.७० × ०.५५, म्हणजे ३२.७ टक्के.

आता शक्तीची पायरी हेच तिचं वजन धरा. जवळपास तेवढाच धोका पत्करून लहान शक्तींतून ६ एकक काम होतं, मध्यममधून ८, मोठ्यांतून ९. शिवाय मोठ्यांना टर्नही कमी लागतात. कोणताही विचारी खेळाडू लहान शक्तीला हात लावणार नाही.

दर १, ३, ५ करून बघा. लहान तसंच राहतं: सहा वेळा, ३०.५ टक्के, ६ एकक. मध्यम ३, ६, ९ चढेल: तीन वेळा, ३२.७ टक्के, ६ एकक. मोठी ५ आणि १०: दोन वेळा, ०.७५ × ०.५०, म्हणजे ३७.५ टक्के, पुन्हा ६ एकक. तिसऱ्यांदा मोठी वापरली तर ताण १५, आणि तिन्ही पार पडण्याची शक्यता ९.४ टक्क्यांवर घसरते. मोठीला थोडी सवलत आहे, पण तिच्यापुढचा कडाही तेवढाच खोल आहे. निर्णय असा असावा.

अवांतर: १, ३, ५ ही चढण नवी नाही. डी अँड डीच्या साडेतीनव्या (३.५) आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या शक्तीला १ पॉइंट, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ५, नवव्याला १७ असेच दर होते.

---

कवडसा

अक्षरगणित, हे मी आठ महिन्यांत एकदाही करून बघितलं नव्हतं. आमच्या खेळाडूनं लहान शक्ती वापरणं सोडलं होतं आणि मी त्या शक्तींचं वर्णन पुन्हा पुन्हा रंगवत बसले होते. दोष दरात होता. मनापासून आभार. १, ३, ५ घेते आहे.

---

प्यादं

मी डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) नाही, फक्त खेळतो, तर खेळाडूच्या बाजूनं सांगतो.

"लढाई संपली की ताण शून्य" हे वाक्य वाचल्यावर मी पहिल्यांदा काय करेन? प्रत्येक दाराआड मनानं डोकावेन, प्रत्येक पहारेकऱ्याचे विचार ऐकेन, प्रत्येक कुलूप लांबून उघडेन. लढाईबाहेर तोल गेला तर माझं काय जातं? एक टर्न चालता येईल, मग पुन्हा सुरू. मी मुद्दाम नियम वाकवतोय असंही नाही, माझं कॅरेक्टर शहाणं असेल तर ते हेच करेल.

ताण शॉर्ट रेस्टनंतरच (छोट्या विश्रांतीनंतरच) उतरू द्या. ध्यानाचा डी४ फक्त लढाईत.

---

सारीपाट

प्यादं यांच्याशी सहमत. याची दुसरी बाजूही बघा. पॉइंटचा साठा दिवसाचा असतो, त्यामुळे जिथे दिवसाला एकच लढाई होते तिथे सायॉनिक सगळा साठा एकाच वेळी ओततो आणि सगळ्यांना झाकोळून टाकतो. २०१४ च्या गाईडमध्ये दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण प्रसंग धरले आहेत. मी ज्या टेबलांवर बसलोय तिथे दोन झाले तरी खूप. साडेतीनमध्ये विसाव्या लेव्हलच्या सायनकडे (तिथल्या सायॉनिक क्लासकडे) ३४३ पॉइंट असायचे. एका लढाईच्या दिवशी तो कुणाला आवरणार? ताणाला दिवसाशी देणंघेणं नाही, एक लढाई असो की सहा, कडा तेवढाच जवळ असतो. या नियमाचा हा गुण तुमच्या मूळ लेखात आलेलाच नाही, म्हणून नोंदवतो.

आणि एक. साडेतीनमध्ये एका शक्तीवर आपल्या मॅनिफेस्टर लेव्हलपेक्षा (शक्ती वापरणाऱ्याच्या लेव्हलपेक्षा) जास्त पॉइंट खर्च करता येत नसत. सायॉनिक मोडकळीला आलेला क्लास आहे अशी तक्रार माझ्यासमोर जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा बहुतेक वेळा त्या टेबलावर हा एक नियम वाचायचा राहिलेला होता. मोठ्या शक्ती कितव्या लेव्हलला मिळतात ते पानाच्या अगदी वर लिहा.

---

निशाचर

रहस्याबद्दल लिहितो. हे माझं दुखणं आहे.

मी एकदा तीन सेशन पुरेल असं खुनाचं प्रकरण बांधलं होतं. सहा संशयित, प्रत्येकाची वेगळी लपवाछपवी. पहिल्या वीस मिनिटांत आमच्या टेलिपॅथनं सहाही जणांच्या मनात डोकावून खुनी शोधला. खेळाडूचा आनंद खरा होता, त्याचा मला राग नाही. राग स्वतःचा आला, कारण मी शक्ती दिली होती आणि तिच्यासाठी जागा बांधली नव्हती.

तेव्हापासून मी चार गोष्टी करतो, त्यातल्या तीन नियमात बसतात.

मन वाचल्यावर उत्तर मिळत नाही, चित्र मिळतं. "खून तू केलास का?" असं विचारलं तर ओला जिना दिसतो, हातातला कंदील विझतो. खेळाडू त्या चित्राचा अर्थ लावतात आणि तपास पुढे सरकतो.

मनात जे असतं ते त्या माणसाला खरं वाटतं तेवढंच असतं. ज्याला वाटतंय की आपल्या हातून मेला, तो निर्दोष असू शकतो.

वाचलेलं कळतं. पाचव्या आवृत्तीच्या डिटेक्ट थॉट्समध्येही वरवरच्या विचारांच्या पलीकडे खोल शिरलं की सेव्ह (बचावाचा फासा) यशस्वी होवो वा न होवो, समोरच्याला जाणीव होते. हे मी सगळ्या मनोशक्तींना लावतो. उमरावाच्या डोक्यात शिरलात तर उमराव उद्या तुमच्याशी कसा वागेल, याचा विचार करूनच शिरा.

चौथी गोष्ट म्हणजे मी आता "कुणी केलं" यापेक्षा "का केलं, आणि आता आपण काय करायचं" यावर प्रकरणं बांधतो. त्याला मन वाचणारा हवाच असतो.

कवडसा, तुमच्या नियमात मला आणखी एक फट दिसते. स्पेलला शब्द लागतात, हातवारे लागतात, म्हणून दरबारात स्पेल टाकणं अवघड असतं. मनाची शक्ती मुकी. हाच तिचा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि तुम्ही तो फुकट दिलाय. ॲबरंट माइंडला बोलल्या-हलल्याशिवाय स्पेल टाकायची सोय सहाव्या लेव्हलला मिळते, तीही सॉर्सरी पॉइंट मोजून. म्हणजे ज्यांनी ती लिहिली त्यांनीही तिला किंमत लावली.

---

कवडसा

निशाचर, तुमची "चित्र मिळतं" ही कल्पना जशीच्या तशी घेऊ का?

मुकेपणाचा मुद्दा मात्र माझ्या नजरेतून पूर्ण सुटला होता. किंमत माणसातून जावी असं मीच वर लिहिलं, आणि ती जाताना कुणालाच दिसत नाही! ताण ५ झाला की तो बाहेर दिसू लागतो, असं केलं तर? कशा रूपात ते खेळाडूनं ठरवायचं: नाकातून रक्त, जवळचे दिवे मंद होणं, बोलताना शब्द मागेपुढे होणं. चारपर्यंत लपतं, पाचव्यापासून कुणीही बघणारा ओळखतो. म्हणजे दरबारात चार लहान शक्ती, किंवा एक मध्यम आणि एक लहान. मोठी वापरलीत की पहिल्याच फटक्यात उघडे पडाल.

---

निशाचर

घ्या की, त्यासाठीच लिहिलं. आणि पाचचा उंबरठा उत्तम.

एक महत्त्वाचं राहिलं. पार्टीतल्याच दुसऱ्या कॅरेक्टरच्या मनात शिरायचं असेल तर आधी त्या खेळाडूला विचारायचं, आणि आत काय सापडतं ते त्यानंच सांगायचं. मनावर ताबा घेण्याच्या शक्तींबद्दल तर पहिल्या सेशनच्या आधीच सगळ्यांशी बोलून घ्या. टेबलावर एक्स-कार्ड (खुपणारा प्रसंग थांबवायला कुणीही दाखवावं असं कार्ड) असेल तर ते याच क्लाससाठी सगळ्यात जास्त कामाचं आहे. तलवारीचा वार कॅरेक्टरला लागतो, ताबा मात्र थेट खेळाडूच्या हातून खेळच काढून घेतो. हे ऐच्छिक ठेवू नका.

---

प्यादं

+१. माझं कॅरेक्टर एकदा दोन सेशन दुसऱ्याच्या ताब्यात होतं. मी यायचो, बसायचो, आणि घरी जायचो.

---

दुसरा डाव

अँटीमॅजिकच्या प्रश्नावर माझं मत कदाचित इथे एकट्याचं असेल. सायॉनिक ही जादू नाही असंच ठरवा. डिस्पेल चालू नये, अँटीमॅजिक फील्डमध्येही शक्ती चालाव्यात. नाहीतर वेगळेपण उरतं कुठे? ज्या दिवशी जादूगार हतबल होतो आणि पार्टीतला सायॉनिक पुढे येतो, त्या एका दिवसासाठी लोक हा क्लास घेतात.

---

सारीपाट

तो दिवस मलाही आवडतो. पण तो एक दिवस मिळवण्यासाठी उरलेले सगळे दिवस डीएमला काय करावं लागतं ते बघा. पुस्तकातल्या ज्या राक्षसांना जादूविरुद्ध सेव्हला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायची सवलत) आहे तो सायॉनिकपुढे गळून पडतो. समोरच्याचा स्पेल रोखणारा काउंटरस्पेल निरुपयोगी. किल्ल्याची जादुई तटबंदी निरुपयोगी. मग डीएमला प्रत्येक ठिकाणी दुसरी, मनाविरुद्धची तटबंदी लिहावी लागते, नाहीतर सायॉनिक सगळीकडून चालत जातो. २००४ च्या एक्सपांडेड सायॉनिक्स हँडबुकनं म्हणूनच दोघांना एकमेकांवर चालू दिलं आणि "सायॉनिक वेगळं आहे" हा पर्याय ऐच्छिक ठेवला.

---

दुसरा डाव

तटबंदी लिहावी लागते हे मान्य. पण डार्क सनसारख्या जगात ती लिहिण्यातच मजा आहे. ज्या जगात प्रत्येक राजाला मन वाचलं जाण्याची भीती आहे, तिथे राजे काय करतील? मुकुटात काय बसवतील? मुलांना लहानपणापासून काय शिकवतील? हा प्रश्न मी सोडणार नाही.

---

शब्दवेध

उशिरा आलो. दोघांच्या वादात मला एक जुना धागा दिसतो.

योगसूत्रांच्या चौथ्या पादाचं पहिलंच सूत्र आहे: जन्मौषधिमन्त्रतपःसमाधिजाः सिद्धयः. सिद्धी पाच वाटांनी येतात: जन्मानं, औषधीनं, मंत्रानं, तपानं आणि समाधीनं. वाटा पाच, पण पोचायचं ठिकाण एकच. मंत्र ही त्या पाचातली एक वाट, म्हणजे आपल्या खेळातला विझार्ड तिथे आधीच बसलेला आहे. असं धरलं तर डिस्पेल मॅजिक सायॉनिकवर का चालतं याचं उत्तर जगाच्या आतूनच मिळतं, आणि चार सबक्लासही मिळतात.

तिसऱ्या पादात याच सिद्धींबद्दल म्हटलंय की समाधीत त्या उपसर्ग आहेत, म्हणजे अडथळे. चित्त बाहेर वळलेलं असतानाच त्या सिद्धी. याचा थेट नियम होतो: एखादी शक्ती धरून ठेवलेली असताना ध्यानानं ताण उतरू नये. उतरवायचा तर आधी शक्ती सोडा. हातातलं सोडायचं की डोक्यातलं, हा निर्णय दर लढाईत येईल.

---

कवडसा

हा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

चार वाटा लगेच लिहून बघितल्या. जन्म: ज्याला कुणी शिकवलं नाही असा. त्याला शक्ती एक पायरी वर ढकलता येते, पण त्या वेळी डी२० दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा. २००४ च्या वाइल्डर या सायॉनिक क्लासचा स्वभाव असाच होता, जोर लावला की दर वाढीव लेव्हलमागे ५ टक्के धोका. औषधी: एका मात्रेत एक शक्ती ताणाशिवाय, पण मात्रा उतरली की ती उधारी दुपटीनं ताणात जमा. समाधी: लढाई सुरू होताना चित्त एकाग्र असतं, ती एकाग्रता मोडून एका फाशाचा निकाल टाळता येतो, एकदाच.

तप अवघड आहे. शरीरावर सोसून ताण कमी करायचा, पण किती सोसून?

दुसरा डाव, तुमचा मुकुटाचा प्रश्न मी पुढच्या जगासाठी जपून ठेवला आहे. या क्लासच्या पानावर मात्र दोघं एकमेकांवर चालतात असंच ठेवते. "वेगळं आहे" हा पर्याय खाली चौकटीत जाईल, आणि डीएमनं आधी काय काय बदलायला हवं त्याची यादी त्याच चौकटीत.

---

अक्षरगणित

तपासाठी एक आधार आहे. पाथफाइंडर या दुसऱ्या भूमिका-खेळाच्या २०१५ च्या ऑकल्ट ॲडव्हेंचर्समध्ये कायनेटिसिस्ट हा क्लास आहे, तो बर्न घेतो: एका बर्नला कॅरेक्टरच्या दर लेव्हलमागे १ नॉनलेथल (जीव न घेणारं) डॅमेज, आणि रात्रीच्या पूर्ण विश्रांतीशिवाय ते कुठल्याही उपचारानं भरत नाही. दोन्ही अटी महत्त्वाच्या. लेव्हलनं गुणलं नाही तर दहाव्या लेव्हलला ती किंमत कुणाला जाणवणार नाही. भरून येऊ दिलं तर क्लेरिक (उपचार करणारा क्लास) शेजारी उभा राहून ताण धुऊन देत बसेल.

तुमच्याकडे: ताण १ नं कमी करायचा तर लेव्हलइतके हिट पॉइंट (कॅरेक्टरचा जीव मोजणारे आकडे), लाँग रेस्टपर्यंत न भरणारे. ध्यानानं सरासरी २.५ उतरतो पण ॲक्शन जाते. पाचव्या लेव्हलला तेवढ्यासाठी १२-१३ हिट पॉइंट म्हणजे डी८ नं हिट पॉइंट ठरणाऱ्या क्लासच्या अंगातला साधारण तिसरा हिस्सा. मला हे रास्त वाटतं.

---

कवडसा

काल आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात असे दोन सेशन नव्या नियमांवर खेळलो. दर १-३-५, ताण शॉर्ट रेस्टनंतरच शून्य, पाचला दिसू लागतो, शक्ती धरलेली असताना ध्यान नाही.

चार लढाया झाल्या, तोल दोनदा गेला. पहिल्यांदा ताण ९ असताना, आणि खेळाडूनं जाणूनबुजून तो धोका घेतला होता. पूल कोसळत होता, तिनं तो मनानं धरून ठेवला, तिघं पलीकडे गेले, आणि तिनं फासा हातात घेतला तेव्हा टेबलावर कुणीही बोलत नव्हतं. ७ पडला. पहिल्या तिन्ही मसुद्यांत असा क्षण एकदाही आला नव्हता.

दुसऱ्यांदा ताण फक्त २ होता आणि २ च पडला. ते बोचलं. पण तोल जाऊन ताण निम्मा झाला आणि एक टर्न गेली, एवढंच. दिवस वाया गेला नाही.

दरबाराच्या प्रसंगात तिनं चार लहान शक्ती मोजून वापरल्या आणि पाचवीला थांबली. समोरचा सरदार तिच्या डोळ्यांत बघत होता, हे तिला माहीत होतं.

एक अडचण दिसली. "आधी परिणाम, मग फासा" या क्रमामुळे लढाईतली शेवटची शक्ती फुकट पडते. शत्रू पडलाच आहे, मग तोल गेला तर गेला. क्रम उलटा केला तर शक्ती वाया जाण्याची भीती येते आणि पूल धरणारी खेळाडू पूल धरणारच नाही. मला पूल हवा आहे. म्हणून क्रम तसाच ठेवून इतकंच जोडलं: तोल गेल्यावर ताण निम्मा होण्याची सवलत शत्रू समोर असेपर्यंतच. लढाई संपवणाऱ्या शक्तीनंतर तोल गेला तर ताण आहे तिथेच राहतो आणि शॉर्ट रेस्ट मिळेपर्यंत तसाच सोबत येतो.

पुढच्या सेशनला तप वाटेचं पहिलं कॅरेक्टर येतंय, सहाव्या लेव्हलचं. एका ताणाला ६ हिट पॉइंट. अक्षरगणित, एका टर्नला असे किती ताण उतरवू द्यावेत? मी सध्या २ लिहिलंय.

---

अक्षरगणित

२ नको, १ नं सुरुवात करा. मोठी शक्ती ५ चढवते. दर टर्नला १ उतरला तर तो तिला पुढे ढकलतो, २ उतरले तर मोठी शक्ती मध्यमच्या भावात पडते आणि वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. सेशन झालं की ताण कितीपर्यंत चढला ते दर लढाईचं लिहून ठेवा आणि इथे टाका.